निगेटिव्ह लिहिण्याआधी शंभर फील्ड

क्षयरोगाच्या बेडक्याची स्लाइड पॉझिटिव्ह असली तर कधी कधी पहिल्याच फील्डमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणाऱ्या गोलात, समजतं. निळसर पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या, कुठे एकटी, कुठे दोन-तीन एकमेकींवर आडव्या पडलेल्या. पण निगेटिव्ह लिहायचं असेल तर शंभर फील्ड बघावी लागतात. तेलाचा थेंब टाकून, शंभरच्या लेन्सखाली, स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू सरकवत. नीट बघितलं तर एका स्लाइडला कमीत कमी पाच मिनिटं जातात. डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला असताना आमच्या मॅडम पाठीमागे येऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "किती झाली?" एकदा मी म्हणाले, "साठ झाली मॅडम, काहीच नाही." त्या म्हणाल्या, "मग साठ फील्डमध्ये काही दिसलं नाही, असं लिही. निगेटिव्ह कशाला लिहितेस?"

मी मान खाली घालून उरलेली चाळीस बघितली. त्यातही काही नव्हतं. तरी ते वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच.

मी चंद्रपूर जिल्ह्यातली. नागभीडच्या पुढे आमचं गाव, घरची धानाची शेती. बारावीनंतर बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी घेतलं आणि मग नागपूरला डीएमएलटी केलं. हा कसला कोर्स, ते घरी कुणालाच माहीत नव्हतं. मी बाबांना सांगितलं, रक्त-लघवी तपासायचं शिकते आहे. ते म्हणाले, "म्हणजे नर्सबाई?" नाही म्हटलं. "मग डॉक्टर?" तेही नाही. मग त्यांनी विचार करून सांगितलं, "म्हणजे डॉक्टरले सांगणारी." तेवढी नेमकी व्याख्या मला नंतर कुठल्या पुस्तकात मिळाली नाही.

पहिले काही महिने आम्ही मशीनला हात लावला नाही. हिमोग्लोबिन साहलीच्या नळीत करायचं: पिपेटने २० मायक्रोलिटर रक्त घ्यायचं, ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि मग थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. एक थेंब जास्त पडला की बाईचा ॲनिमिया कागदावर कमी झाला. पांढऱ्या पेशी न्यूबॉअर चेंबरमध्ये, म्हणजे बारीक चौकोन आखलेल्या काचेवर, मोजायच्या. चार कोपऱ्यांतल्या चौकोनांत जेवढ्या पेशी दिसतील त्यांना ५० ने गुणलं की एका घनमिलिमीटरमधला आकडा मिळतो. म्हणजे माझी एक पेशी चुकली की रिपोर्टात ५० चुकल्या. रेघेवर बसलेल्या पेशींचं काय करायचं, यालाही नियम आहे. डावीकडच्या आणि वरच्या रेघेवरच्या मोजायच्या, उजवीकडच्या आणि खालच्या सोडून द्यायच्या. नाहीतर एकच पेशी दोनदा मोजली जाते. सगळीकडे सेल काउंटर असताना हे कशाला शिकवतात, असं आमच्या वर्गात रोज कुणीतरी म्हणायचं. मीही म्हटलं असेल. पण मशीन ज्या पेशी मोजतं त्या मी आधी स्वतः मोजल्या होत्या, म्हणून पुढे मशीनवर शंका घेण्याची हिंमत झाली, असं मला आज ठाम वाटतं.

रक्त काढायला आम्ही एकमेकींच्या हातांवर शिकलो. दंडाला पट्टा बांधायचा, कोपराच्या खोबणीत शीर चाचपायची. शीर सापडेना की सगळेजण पेशंटला सांगतात, मूठ उघडझाप करा. मॅडमना ते अजिबात चालायचं नाही. मूठ एकदा आवळून धरायला सांगा, पंप मारल्यासारखं करायला लावू नका. स्नायू असे राबले की त्यांच्यातलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि निरोगी माणसाचा आकडा वर जातो. तसंच पट्टा फार वेळ बांधून ठेवायचा नाही, सुई बारीक असताना सिरिंज जोरात ओढायची नाही, सिरिंजमधलं रक्त नळीत दाबून पिचकारीसारखं सोडायचं नाही. लाल पेशी फुटतात, आणि पोटॅशियमचा साठा तर त्यांच्याच पोटात असतो. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, गुलाबी दिसलं की समजायचं. रिपोर्टातली चूक मशीनमध्ये होण्याआधी पुष्कळदा कोपराशीच झालेली असते, हे मी तिथे शिकले.

रक्तगटाचा तास मला सगळ्यात जास्त आठवतो. ए, बी, एबी, ओ हे शाळेतलंच, असं वाटलं होतं. मॅडमनी फळ्यावर १९५२ लिहिलं आणि मुंबईची गोष्ट सांगितली. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, की पेशी तपासल्या तर ओ गट वाटावा, कारण ए नाही आणि बी नाही. पण त्या माणसाच्या सीरममध्ये ओ गटाच्या पेशी टाकल्या की त्याही गोळा व्हायच्या. ओ गटाच्या सीरमने ओ पेशींना काही करायचं कारण नाही. या माणसांच्या पेशींवर एच नावाचा पायाच नव्हता, जो ए, बी, ओ सगळ्यांकडे असतो. त्यांना ओ गटाचं रक्त दिलं असतं तर ते जिवावर बेतलं असतं. आज सगळं जग त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतं. हे सांगून मॅडम म्हणाल्या, "पेशींवरून ओ आला होता ना? ओ लिहून मोकळं होता आलं असतं." पेशींवरून गट बघायच्या फॉरवर्ड ग्रुपिंगबरोबर सीरमवरून ताडून बघायचं रिव्हर्स ग्रुपिंग करायचा मला कधी कंटाळा आला, की हा तास आठवतो.

पास झाल्यावर पहिली नोकरी एका तालुक्याच्या गावी खाजगी लॅबमध्ये लागली. लॅबचं नाव सांगत नाही. पगार तुटपुंजा होता, पण काम भरपूर आणि शिकायला खूप मिळालं, हेही खरं. सकाळी सातला शटर उघडायचं, नऊपर्यंत पंचवीस-तीस जणांचं रक्त काढून व्हायचं. मग आसपासच्या गावांतल्या कलेक्शन सेंटरवरून एसटीने थर्मासचे डबे यायचे. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर संध्याकाळी येऊन सह्या करायचे. तोपर्यंत निम्मे रिपोर्ट फोनवर सांगून झालेले असायचे.

दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या हातून जे झालं ते सांगितलंच पाहिजे. सप्टेंबर होता, डेंग्यूची साथ होती, ट्रेमध्ये चाळीसेक जांभळ्या झाकणाच्या नळ्या रांगेत उभ्या होत्या. त्यात एका अकरा वर्षांच्या मुलाची नळी होती. मशीनने प्लेटलेट २४,००० दाखवल्या आणि आकड्याशेजारी एक चांदणी छापली. ती चांदणी म्हणजे मशीनचं म्हणणं असतं की मला खात्री नाही, तू बघ. मी बघितलं नाही. स्मिअर करून, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर ओढून, रंगवून, बघायला वीस मिनिटं लागली असती, आणि मागे रांग होती. साथ तर होतीच, मुलाला तापही होता, आकडा पटण्यासारखा वाटला. मी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून आकडा सांगितला.

दवाखान्याने लगेच नागपूरला न्यायला सांगितलं. मुलाच्या वडिलांनी जीप केली. तिथे रात्री पुन्हा तपासणी झाली, कुणीतरी काचेवर बघितलं, आणि प्लेटलेट १,९०,००० निघाल्या. तापही डेंग्यूचा नव्हता. तिसऱ्या दिवशी वडील लॅबमध्ये आले. मला वाटलं भांडायला आले. त्यांनी नागपूरचा कागद काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ताई, हा बी तुमच्यापाशी ठेवून घ्या जी, पुढं पोराच्या कामी येईल." जीप आणि दवाखाना मिळून नऊ हजार लागले होते. धानाचा चुकारा यायचा होता, त्यावर त्यांनी ते उसने घेतले होते. त्यांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही.

ते गेल्यावर मी फ्रीजमधून त्या मुलाची नळी काढली. स्मिअर केला, लीशमन रंगाने रंगवला आणि थराच्या पातळ शेपटीकडे गेले. तिथे प्लेटलेटचे घोस होते, द्राक्षांच्या घडासारखे, एकेका घोसात पन्नास-साठ. काही लोकांच्या रक्तात असं होतं. रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या नळीत जे ईडीटीए असतं, त्याच्यामुळेच त्यांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. शरीरात त्या सुट्या आणि व्यवस्थित असतात. मशीन अख्ख्या घोसाला एकतर मोठी पेशी समजतं किंवा मोजतच नाही. निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजायचं, सायट्रेटच्या पाण्यामुळे रक्त पातळ होतं म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं, आणि काचेवर ताडून बघायचं, एवढाच उपाय. तेलाच्या लेन्सखाली एका फील्डमध्ये सरासरी बारा-तेरा प्लेटलेट दिसल्या तर पंधरा हजारांनी गुणून साधारण एक लाख ऐंशी-नव्वद हजार येतात. हे सगळं मला माहीत होतं. परीक्षेत मी ते लिहून गुण मिळवले होते.

त्या दिवसापासून मी स्वतःला एक नियम घालून घेतला. एक लाखाच्या खालच्या प्लेटलेट, पहिल्यांदाच आलेल्या पेशंटच्या असतील तर, काच बघितल्याशिवाय माझ्या तोंडून बाहेर जाणार नाहीत. मालकांना हे आवडलं नाही. रिपोर्टला उशीर होतो, डॉक्टर दुसऱ्या लॅबकडे वळतात, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मी तो नियम मोडला नाही आणि साथ ओसरेपर्यंत रोज रात्री साडेनऊला घरी गेले.

त्याच लॅबमध्ये एका गोष्टीवरून आमचं पटलं नाही, आणि शेवटी तीच नोकरी सोडण्याचं कारण झाली. मालकांचं म्हणणं, कंट्रोल रोज लावायचा नाही. कंट्रोल म्हणजे आधीच माहीत असलेला नमुना. सकाळी पेशंटच्या आधी तो मशीनमध्ये चालवायचा आणि आकडा ठरलेल्या पट्ट्यात येतो का बघायचं. रोजचा बिंदू आलेखावर मांडायचा. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी हा आलेख १९५० मध्ये प्रयोगशाळांत आणला आणि वेस्टगार्ड यांचे नियम १९८१ पासून वापरात आहेत. बिंदू सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांच्या बाहेर गेला की काम बंद. लागोपाठ दोन दिवस एकाच बाजूला दोनच्या बाहेर गेला तरी बंद. तो आलेख बघण्यात मला एक वेगळंच समाधान मिळतं. रिएजंट, म्हणजे चाचणीचं रसायन, जुनं व्हायला लागलं की बिंदू रोज थोडे थोडे खाली सरकतात, दिवा जायला आला की उड्या मारतात. पण कंट्रोलची बाटली महाग असते आणि उघडली की काही दिवसांत संपवावी लागते. "आठवड्यातून एकदा लाव, चालतं," असं मला सांगितलं गेलं. मग उरलेले सहा दिवस आपण जे आकडे लोकांच्या हातात देतो ते कशाच्या भरवशावर, हा माझा प्रश्न होता. त्याचं उत्तर मला मिळालं नाही.

सोडण्याआधी मात्र एकदा रिपोर्ट अडवल्याचा उपयोग झाला. कलेक्शन सेंटरवरून एका साठीच्या निवृत्त गुरुजींचं सीरम आलं. पोटॅशियम ११.६. सहा-साडेसहाच्या पुढे गेलं की हृदयाची चाल बिघडू शकते. अकराच्या पुढे माणूस बसलेला असणं कठीण. मशीन पुसलं, पुन्हा लावलं, तेवढंच आलं. सेंटरवरून फोन आला, डॉक्टर रिपोर्ट मागतात. मालक म्हणाले, "सांगून टाक, जास्त आहे म्हणून, बघतील ते." मी त्याच सीरमचं कॅल्शियम बघितलं तर ३.८, म्हणजे नॉर्मलच्या निम्म्याहून कमी. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइमही अगदी तळाला. मग उलगडलं. जांभळ्या नळीतलं ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं आणि ते कॅल्शियमला बांधून टाकतं. मी सेंटरवर फोन लावला आणि आधी विचारलं, पेशंट कुठे आहेत? "समोरच्या टपरीवर चहा पिऊन राहिले." रक्त कसं काढलं? पोरगा जरा घुटमळला. लाल नळीत रक्त कमी पडलं होतं म्हणून जांभळीतलं थोडं त्यात ओतलं होतं. त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं की असं करायचं नसतं. नळ्यांचा क्रमही याचसाठी असतो: निळी आधी, मग लाल किंवा पिवळी, जांभळी त्यानंतर, करडी शेवटी. पुन्हा रक्त घेतलं, पोटॅशियम ४.४ आलं. तो आकडा तसाच गेला असता तर गुरुजींना पोटॅशियम उतरवण्याची इंजेक्शनं मिळाली असती, आणि ज्याचं पोटॅशियम मुळात ठीक आहे त्याचं ते आणखी खाली जाणं हेही तितकंच धोक्याचं.

अडवणं म्हणजे दाबून ठेवणं मात्र नाही. दोन वर्षांनी असाच ७.१ आकडा आला, किडनीच्या जुन्या पेशंटचा. सीरम पिवळंधमक आणि स्वच्छ, कॅल्शियम त्या आजारात असतं तेवढंच. मी दहा मिनिटांत वॉर्डात फोन केला, आकडा सिस्टरकडून परत वाचून घेतला, वेळ आणि त्यांचं नाव वहीत लिहिलं. आकडा खोटा असण्याची कारणं एकदा तपासून झाली की त्यानंतरचं एक मिनिटही पेशंटचं असतं.

तोवर मी आमच्या भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी म्हणून लागले होते, आज तिथेच आहे. खोली दहा बाय बारा, एक सूक्ष्मदर्शक, एक सेल काउंटर, एक सेमी-ऑटो ॲनालायझर, फ्रीज, आणि खिडकीतून दिसणारी कडुलिंबाची फांदी. मशीन लहान पण आजार सगळे मोठे. मलेरियाच्या स्लाइड आम्ही जेएसबी रंगाने रंगवतो. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी १९४४ मध्ये भारतातच बनवलेला हा रंग स्वस्त आहे, पाण्यावर चालतो आणि जाड थेंबात परजीवी छान उठून दिसतात. फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीची केळ्याच्या आकाराची रूपं एकदा ओळखली की विसरत नाहीत. हत्तीरोगाचं रक्त तर रात्रीच घ्यावं लागतं, कारण त्याचे सूक्ष्म जंत दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत लपतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमाराला वरच्या रक्तात येतात. आमचं पथक गावात पोचतं तेव्हा लोक झोपलेले असतात. बॅटरीच्या उजेडात, बाजेवर बसलेल्या आजोबांच्या बोटाला टोचायचं आणि ते झोपेतच विचारतात, "काहून रातीच येता बाप्पा तुम्ही?" त्यांना जंतांचं वेळापत्रक समजावून सांगायला मला फार आवडतं. सांगितलं की पुढच्या घरचे दार उघडून आधीच उभे असतात.

पण इथलं खरं काम सिकलसेलचं. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये विदर्भात या आजाराची नोंद केली, पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी त्यावर आयुष्य वेचलं आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ ला देशव्यापी मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत आजार संपवण्याचं उद्दिष्ट ठेवून. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागेवर एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, बस एवढंच. ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात. धान कापणाऱ्या आमच्या बायकांना विळा म्हटलं की निम्मी गोष्ट समजते. आई-बाबा दोघेही वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे मी दिवसातून दहा वेळा सांगते. तरीही एखादी आई रिपोर्ट घडी करून पोलक्यात लपवते, सोयरीक मोडेल म्हणून. मला तिचा राग येत नाही. फक्त तो कागद मुलाकडच्यांनाही दाखवा, त्यांनाही तपासून घ्यायला सांगा, एवढं मी हात जोडून सांगते.

पहिली चाचणी सोपी असते. सोल्युबिलिटी टेस्ट. डायथायोनाइटच्या द्रावणात थोडं रक्त टाकायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात बुडाल्या तर पॉझिटिव्ह. ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, त्यासाठी पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर ती करूच नये, बाळाचं जन्मजात हिमोग्लोबिन सगळं झाकून टाकतं. आणि अजून एक जागा आहे जिथे ती फसवते.

काही वर्षांपूर्वी एका आश्रमशाळेत आम्ही शिबिराला गेलो होतो. दीडशे मुलं. आठवीतली एक मुलगी रांगेत शेवटी, भिंतीला टेकून उभी. पाय दुखतात म्हणून खेळायला जात नाही, पावसाळ्यात तर अंथरुणातून उठत नाही, असं बाईंनी सांगितलं. डोळे पिवळसर. हिमोग्लोबिन ६.२. तिच्या नळीमागे रेघा दिसत होत्या. किंचित धूसर, पण दिसत होत्या. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल दोन्ही बरोबर आले होते. सोबतचा मुलगा यादीत निगेटिव्ह लिहायला लागला आणि मी त्याचा हात धरला. जिच्या अंगात हिमोग्लोबिनच इतकं कमी, तिचं तेवढंच रक्त टाकलं तर गढूळ व्हायला पुरेसं एस, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन नळीत येणार कुठून? मी तिचं दुप्पट रक्त घेऊन पुन्हा लावलं. पाच मिनिटांनी कागद धरला. रेघा गेल्या होत्या. जिल्ह्याच्या ठिकाणी नमुना पाठवला, एचपीएलसीत नेहमीचं ए हिमोग्लोबिन शून्य, जवळजवळ सगळं एस. वाहक नव्हे, पूर्ण आजार. तेरा वर्षं त्या पोरीला घरी आणि शाळेत आळशी म्हटलं गेलं होतं.

आता या व्यवसायाबद्दल थोडं, कारण गावाकडची मुलं मला हे विचारतात. आमच्या वेळी डीएमएलटी हाच रस्ता होता. आता नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी कोर्स आहे, तीन वर्षं आणि वर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप. जमत असेल तर तोच करा असं मी सांगते, त्या इंटर्नशिपमध्ये खऱ्या पेशंटचे खरे नमुने हाताखालून जातात. कोर्स निवडताना भिंती किती चकचकीत आहेत ते बघू नका. तुमच्या वाट्याला रोज किती स्लाइड येतील, एवढं विचारा. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टचीच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. त्यावर माझ्या काही मित्रांचा राग आहे, त्यांच्या लहान लॅब होत्या. मला मात्र ते योग्य वाटतं. आकडा खरा आहे का हे बघणं माझं काम, आणि त्याचा अर्थ सांगणं डॉक्टरांचं. २०२१ मध्ये संसदेने आमच्यासारख्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी आयोगाचा कायदा केला, त्याने पहिल्यांदा देशपातळीवर आम्हाला नाव मिळालं. कंत्राटी पगार वेळेवर होणं, दुसरा माणूस मिळणं, रात्रपाळीनंतर सुट्टी मिळणं, हे सगळं अजून मागावं लागतं, आणि आम्ही ते मागतो आहोत. कोविडच्या दोन वर्षांत याच माणसांनी पीपीई किटमध्ये घामाने भिजत हजारो स्वॅब हाताळले, हे लोकांनी लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आश्रमशाळेतल्या त्या मुलीला हायड्रॉक्सियुरिया सुरू झालं. या गोळ्यांनी दुखण्याचे झटके कमी होतात, पण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली जाऊ शकतात, म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं. ते माझ्याकडे येतं. लाल पेशींचा सरासरी आकार, एमसीव्ही, या औषधाने हळूहळू वाढतो. तिचा आधी ८४ होता. पहिल्या वर्षी तो हललाच नाही. मी तिला विचारलं, गोळ्या घेतेस ना? ती गप्प. आई म्हणाली, घेते की. पुढच्या खेपेला मी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि तिचंच रक्त दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे वाकडे तेच हाय का?" हो म्हटलं. "आन गोळी घेतली का कमी होते?" हो म्हटलं.

सहा महिन्यांनी ९१ झाला. मग ९७. ती आता बारावीला आहे, सायकलने कॉलेजला जाते, मागच्या पावसाळ्यात एकदाही भरती झाली नाही. परवा मशीनने १०४ दाखवला आणि शेजारी चांदणी छापली, आकडा फार मोठा आहे म्हणून. मी काच केली. व्हिटॅमिन बी-१२ कमी असताना न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे जसे जास्त तुकडे दिसतात, तसे कुठे आहेत का बघितलं. नव्हते. वाकड्या पेशी अजून होत्या, पण शोधाव्या लागत होत्या. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट जागच्या जागी. रिपोर्टवर ती चांदणी तशीच राहू दिली आणि कागद डॉक्टरांच्या सहीसाठी पाठवला.